बंद खोलीतला एक तास: गोव्यात घरच्यांना घेऊन एस्केप रूम कशी खेळावी

चवथीच्या दिवसांत आमच्या फोंड्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पुण्याचे दीर आणि जाऊबाई, ठाण्याची नणंद, त्यांची मुलं, सासूबाई, आणि पोर्तुगीज शाळेत शिकलेले चुलत सासरे, ज्यांना सगळं घर भाईकाका म्हणतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र घर सुनं वाटतं. बाहेर पाऊस, किनाऱ्यांवर जीवरक्षकांचे लाल बावटे, आणि मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. अशाच एका दिवशी आम्ही आठजण पहिल्यांदा एस्केप रूम, म्हणजे कोडी सोडवत आणि कुलपं उघडत तासाभरात खोलीतून सुटायचा खेळ, खेळायला गेलो आणि हरलो.

हरण्याचं कारण सांगते, कारण या लेखातलं बहुतेक सगळं त्यातून आलं आहे. शेवटचं कुलूप चार आकड्यांचं होतं. चारही आकडे आम्हाला सापडले होते. सासूबाईंनी ते पाटीवर नीट लिहूनही ठेवले होते, मराठीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या पुतण्यानं त्यातला मराठी एक हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला आणि मराठी चार हा इंग्रजी आठ म्हणून. सात मिनिटं आम्ही चुकीचा आकडा फिरवत राहिलो. सासूबाई मागे खुर्चीवर बसून होत्या. आकडा काय लावलाय हे कोणी मोठ्यानं म्हटलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे चूक सांगितली असती. कोणी म्हटलं नाही.

त्यानंतर आम्ही चार वेळा वेगवेगळ्या खोल्या खेळलो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुलपांचं गणित मला आधीपासून आवडतं. पण घरची माणसं या खेळात हरतात ती बुद्धी कमी पडल्यामुळे नाही. एकाला सापडलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून हरतात. हे डोक्यात ठेवून पुढची तयारी करा.

खेळ काय असतो

एका थीमने सजवलेल्या खोलीत तुमच्या गटाला सोडतात. तुरुंग, समुद्री चाच्यांचं जहाज, शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा, राजाची कबर, बँकेची तिजोरी असं काहीही. साधारण ६० मिनिटांत खोलीतले क्लू शोधायचे, कोडी सोडवायची, एकेक कुलूप उघडत शेवटच्या दारापर्यंत पोचायचं. बाहेर बसलेला गेम मास्टर कॅमेऱ्यातून तुम्हाला पाहत असतो आणि मागितली तर हिंट देतो. क्लू आणि हिंट हे दोन शब्द घरच्यांना आधीच वेगळे करून सांगा. क्लू खोलीत सापडतो, हिंट बाहेरून मिळते.

हा प्रकार जपानमधला. २००७ साली क्योतोमध्ये ताकाओ कातो यांनी त्यांच्या स्क्रॅप या कंपनीतर्फे पहिला असा खेळ माणसांना खऱ्या खोलीत बसवून खेळवला. त्याआधी असे खेळ संगणकावर होते, माउसनं टिचक्या मारत खेळायचे. २०११ मध्ये बुडापेस्टला पॅरापार्क सुरू झालं आणि तिथून युरोपभर हे लोण पसरलं. आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत आणि गोव्यासारख्या पर्यटनाच्या जागी हे खेळ मिळतात.

आधी माणसं मोजा, मग थीम निवडा

बहुतेक लोक उलट करतात. जाहिरातीतली सगळ्यात भीतिदायक खोली आवडते, बुकिंग होतं, आणि मग दारात सात वर्षांचं पोर रडायला लागतं.

एका खोलीत चार ते सहाजण हा मला सगळ्यात चांगला आकडा वाटतो. दोघांवर काम फार पडतं. आठजण झाले की तिघं कोपऱ्यात उभे राहतात आणि त्यांना पूर्ण पैसे देऊन कंटाळा येतो. आम्ही आता आठजण असलो तर दोन खोल्या घेतो. शक्यतो एकाच वेळेला, म्हणजे कोणाला ताटकळावं लागत नाही. गट पाडताना एक गोष्ट पाळा: नवरा-बायको वेगळ्या गटांत, सख्खी भावंडं वेगळ्या गटांत. जी जोडी घरी भांडते, ती बंद खोलीत जास्त भांडते. आजी आणि नातवंडं मात्र एकत्र ठेवा.

भुताटकीची थीम मी कुटुंबासाठी घेत नाही. काही ठिकाणी त्यात खराखुरा माणूस अंगावर येतो. तरुणांना ते आवडतं, पण आजी आणि लहान मुलं सोबत असतील तर तासभर कोणी एकजण त्यांना सांभाळण्यातच अडकतो. चाच्यांचा खजिना, प्रयोगशाळा, रेल्वेचा डबा, गुप्तहेराचं ऑफिस, या थीम सगळ्यांना जमतात. तुरुंगाची थीमही छान असते. फक्त सुरुवातीला हातात बेड्या घालतात का ते विचारा. काही जणांना ते अजिबात सहन होत नाही, आणि नको म्हटलं तर बहुतेक ठिकाणी त्या व्यक्तीला वगळतात.

फोन करून विचारायच्या गोष्टी

वेबसाइटवर बुकिंग होत असलं तरी आधी फोन करा. दर माणशी आहे की खोलीमागे, शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का, कर धरून सांगितलाय का, लहान मुलाचं तिकीट लागतं का, हे पैशांचं झालं. मुलांसाठी किमान वय किती आणि सोबत किती मोठी माणसं हवीत तेही विचारा.

नंतर विचारा की खोलीत रांगायचं, वाकायचं, चढायचं काही आहे का. आमच्या नणंदेचा गुडघा दुखतो. एका खोलीत पुढच्या भागात जायला अडीच फूट उंचीच्या भोकातून रांगत जावं लागायचं. आधी कळल्यामुळे तिथल्या लोकांनी बाजूचं दार उघडून ठेवलं. दम्याचा त्रास असेल तर धूर सोडणारं यंत्र वापरतात का ते विचारा. फिट्स येत असतील तर लुकलुकणाऱ्या दिव्यांचं विचारा. कोणाला पेसमेकर असेल तर हा प्रश्न चुकवू नका: लपवलेले लोहचुंबक कुठे आहेत? अशा खोल्यांत पुस्तक ठरावीक जागी ठेवलं की दार उघडतं, मूर्ती वळवली की कप्पा उघडतो, त्यामागे पुष्कळदा चुंबकच असतो. ती वस्तू छातीजवळ धरायची नाही, दुसऱ्याला द्यायची.

भाषा कुठली तेही विचारा. आतलं लिखाण बहुधा इंग्रजीत असतं. आजी-आजोबांना ते वाचता येत नसेल तर त्यांच्यासाठी मोजण्याची, जुळवण्याची, चित्रांची कोडी आहेत का? गेम मास्टर कोड्याचं उत्तर सांगणार नाही, पण एवढं नक्की सांगेल. आणि एक प्रश्न जो मी हमखास विचारते: कोडी एकापाठोपाठ एक आहेत, की एका वेळी दोन-तीन सोडवता येतात? कुटुंबासाठी दुसरा प्रकार घ्या. पहिल्या प्रकारात सगळी माणसं एकाच कुलपावर वाकतात आणि धाकट्यांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात.

बाहेर पडायची वाट

इथे मी थोडी थांबणार आहे. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली आणि १५ वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. त्यातल्या एकीचा वाढदिवस साजरा करायला त्या आल्या होत्या. त्यांना बाहेर पडता आलं नाही. आपल्या गोव्यातही डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे इथल्या नाइट क्लबच्या आगीत २५ माणसांचा जीव गेला. तो एस्केप रूमचा प्रकार नव्हता, पण मौजेच्या जागी गेल्यावर बाहेर पडायची वाट कुठे आहे हे पाहायचं असतं, हे आता प्रत्येक गोवेकराला कळतं.

चांगल्या ठिकाणी तुम्हाला खरोखर कोंडत नाहीत. ज्या दारानं आत गेलात ते आतून कधीही उघडता येतं, किंवा दाराशी मोठं बटण असतं. आत जाण्यापूर्वी गेम मास्टरला म्हणा, "बटण दाखवा आणि एकदा दाबून दाखवा." दाखवायला जो कुरकुर करेल, तिथे खेळू नका. पैसे गेले तर जाऊ द्या. खिडक्या फळ्यांनी ठोकून बंद केल्या आहेत का, अग्निशामक सिलिंडर कुठे आहे, खोलीत गॅसवर किंवा ज्योतीवर चालणारं काही आहे का, हे डोळ्यांनी पाहा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, म्हणून तेही विचारून घ्या. दार विद्युतचुंबकानं बंद राहत असेल तर वीज गेल्यावर ते आपोआप सुटतं, कारण चुंबकाला धरून ठेवायला वीज लागते. पण त्याला इन्व्हर्टर जोडला असेल तर ते बंदच राहील, म्हणून बटण हवंच. मुलांना सांगून ठेवा: काळोख झाला तर जागेवर थांबायचं आणि मोठ्यानं आपलं नाव घ्यायचं. आणीबाणीचा क्रमांक ११२ आणि अग्निशमनाचा १०१, हे घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ हवेतच.

गणपती घरात असतानाच सराव

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांना तो तोंडी समजावून सांगणं कठीण. त्यापेक्षा घरी वीस मिनिटांचा सराव ठेवा. पुण्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी ट्रॉली बॅगेला तीन आकड्यांचं कुलूप असतंच. त्यात चिरोट्यांचा किंवा नेवऱ्यांचा डबा ठेवा आणि कुलूप लावा.

आकडे कुठे लपवायचे? आमच्याकडे माटोळीत. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीत नारळ, काकड्या, चिबूड, तोरिंगण (पपनस), रानातली फळं सगळी बांधलेली असतात. तीन चिठ्ठ्या लिहायच्या आणि घरात वेगवेगळ्या जागी लपवायच्या. एकीत नारळाचं चित्र, एकीत काकडीचं, एकीत तोरिंगणाचं. मुलांनी चिठ्ठ्या शोधायच्या, चित्र कशाचं ते ओळखायचं, माटोळीतली ती फळं मोजायची. शहरातल्या मुलांना तोरिंगण ओळखता येत नाही, मग ती आजीकडे धावतात. आजी खेळात आली! माटोळीला हात लावायचा नाही, फक्त डोळ्यांनी मोजायचं, हा नियमही आपोआप शिकवला जातो, कारण खऱ्या खोलीतही पुष्कळ गोष्टींना हात लावायचा नसतो. मोजणी नऊच्या वर जाणार नाही अशीच फळं निवडा. आणि चिठ्ठ्यांचा क्रम मुद्दाम सांगू नका, त्यांना तो शोधू द्या. तीन वेगवेगळे आकडे हाती असतील तर सहाच क्रम होतात.

सरावात दोन सवयी लावून घ्या. काही सापडलं की मोठ्यानं सांगायचं: "मला चिठ्ठी मिळाली, नारळाचं चित्र, दाराच्या मागे." काय, कसलं, कुठे. आणि आकडे कोणत्या लिपीत लिहायचे ते ठरवायचं. आमच्या घरी आता नियम आहे की लिहिणारा मराठी आकडे लिहू शकतो, पण बाजूला उभं राहून ते तोंडानं वाचूनही दाखवायचे.

त्या दिवशी निघताना

फोंड्याहून किंवा डिचोलीहून किनारपट्टीकडे जायचं तर वेळ हातात ठेवा. पर्वरीचा रस्ता आणि कळंगुटचा चौक या दोन ठिकाणी अर्धा-पाऊण तास सहज जातो, पावसात जास्त. पंधरा मिनिटं आधी पोचायला सांगतात, मी अर्धा तास धरते, कारण उशीर झाला तर पुढच्या गटासाठी तुमची वेळ कापली जाते. माहिती देणं, खेळ आणि शेवटचा फोटो धरून दीड तास मोकळा ठेवा.

वाचायचा चष्मा घ्या. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण खोलीत उजेड मंद असतो, अक्षर बारीक असतं, आणि चष्मा गाडीत विसरलेल्या माणसाला पुढचा तासभर कोणीतरी वाचून दाखवावं लागतं. श्रवणयंत्राची बॅटरी पाहा. आत जाण्यापूर्वी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. जेवण हलकं, माशांच्या कढीवर आडवा हात मारून आलात तर वीस मिनिटांत जांभया सुरू होतील. मोबाइल बहुधा बाहेर लॉकरमध्ये ठेवायला लावतात.

पहिली पाच मिनिटं

आत पाऊल टाकलं की सगळे एकाच चकचकीत वस्तूकडे धावतात. तसं करू नका. गेम मास्टर सुरुवातीला गोष्ट सांगतो ती नीट ऐका, त्यात शेवटी काय मिळवायचं आहे ते असतं.

मग खोलीचे भाग पाडा आणि प्रत्येकाला एक भाग द्या. उंच माणसांना कपाटांची माथी, मुलांना टेबलांच्या खालच्या बाजू. मुलांची नजर खरंच वेगळ्या उंचीवर असते. आमच्या नऊ वर्षांच्या भाचीनं खुर्चीच्या बुडाला चिकटवलेली किल्ली शोधली, जिच्यावर माझे दीर दहा मिनिटं बसून होते. कोटांचे खिसे, पुस्तकांची पानं, फ्रेमच्या मागची बाजू, गालिच्याची कड, डब्यांची झाकणं, सगळं पाहायचं. विजेचे सॉकेट, छत, आणि हात लावू नका असं चिकटवलेल्या वस्तू सोडून द्यायच्या. जोर लावायचा नाही: दोन बोटांनी जे हलत नाही ते हलवायचं नसतं.

मधल्या टेबलाची एक बाजू "लागणारं" आणि दुसरी "झालेलं" अशी ठरवा. सापडलेली वस्तू खिशात घालायची नाही, टेबलावर ठेवायची. उघडलेल्या कुलपाची किल्ली त्याच कुलपात राहू द्या. बहुतेक खोल्यांत एक किल्ली, एक क्लू एकदाच वापरायचा असतो. वापरून झालेल्या चिठ्ठ्या "झालेलं" बाजूला गेल्या की उरलेल्या चार वस्तूंत काय जुळतंय ते पटकन दिसतं.

कुलपंही मोजा. तीन आकड्यांची किती, चार आकड्यांची किती, अक्षरांचं आहे का, बाणांचं आहे का. हातात चार आकडे असतील तर ते कुठे लागतील हे कुलूपच सांगतं.

कुलपांचं गणित

माझ्या आवडीचा भाग. तीन आकड्यांच्या कुलपाच्या १,००० शक्यता. एक लावून पाहायला तीन सेकंद धरले तर सगळ्या तपासायला ५० मिनिटं. म्हणजे अंदाजानं उघडायचा विचार सोडा. पण दोन आकडे माहीत आहेत आणि एक हरवलाय, तर फक्त १० प्रयत्न, अर्धा मिनिट. अशा वेळी तिसरा क्लू शोधत बसू नका, फिरवा. चार आकड्यांच्या कुलपात दोन आकडे माहीत असतील तर १०० शक्यता, पाच मिनिटं. एका शांत माणसाला ते काम द्यावं आणि बाकीच्यांनी शोधत राहावं, हे परवडतं.

क्रमाचं गणितही उपयोगी. चार वेगवेगळे आकडे कळले, क्रम कळला नाही, तर २४ मांडण्या, सव्वा मिनिटाचं काम. चारांतले दोन आकडे सारखे असतील तर १२च. मात्र मांडण्या एका ओळीनं घ्या: पहिला आकडा धरून ठेवायचा, बाकी तीन सहा प्रकारे फिरवायचे, मग पहिला बदलायचा. मनाला येईल तसं फिरवलं की तेच तेच पुन्हा लावलं जातं.

कुलूप नेहमी दोघांनी उघडायचं. एकजण फिरवतो, दुसरा आकडा मोठ्यानं वाचतो आणि कुलपावर रेघेसमोर तोच आकडा आलाय ना ते पाहतो. आमची सात मिनिटं इथेच वाचली असती. चाकं पुष्कळदा अर्धी फिरलेली राहतात, आकडा बरोबर असूनही कुलूप उघडत नाही, आणि गट बरोबर उत्तर टाकून देऊन दुसरीकडे भरकटतो. बाणांच्या कुलपात, म्हणजे वर-खाली-डावी-उजवी असं सरकवायच्या कुलपात, मधे चूक झाली तर नव्यानं सुरू करण्यापूर्वी कडी दोनदा आत दाबावी लागते. हे ठाऊक नसलं तर बरोबर उत्तरही लागत नाही. आत जाण्यापूर्वी गेम मास्टरकडून प्रत्येक प्रकारचं कुलूप एकदा उघडून दाखवायला सांगा.

नेहमी भेटणारी कोडी

रोमन आकडे हमखास असतात. आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १,०००. गोव्यात आपल्याला ते जुन्या इमारतींवर पाहायची सवय असते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेचं वर्ष १६०५ रोमन आकड्यांत एमडीसीव्ही असं होतं. मुलांकडून गाडीत जाताना दोन-चार वर्षं लिहून घ्या.

अक्षरं सरकवलेली सांकेतिक लिपीही भेटते: ए ऐवजी डी, बी ऐवजी ई, असं तीन-तीन घरं पुढे. शेजारी चक्र किंवा आकडा टांगलेला असेल तर किती घरं सरकवायचं ते तो सांगतो. टिंब आणि रेघा दिसल्या, किंवा दिवा लांब-आखूड लुकलुकला, तर ती मोर्स, म्हणजे टिंब-रेघांनी अक्षरं लिहायची लिपी. त्याचा तक्ता सहसा खोलीतच असतो, पाठ करायची गरज नाही. निळसर टॉर्च मिळाला तर तो अतिनील प्रकाशाचा. दिवे मालवून भिंती, कागदांच्या मागच्या बाजू, नकाशे सगळीकडे फिरवा. आरशात वाचायचं उलटं लिखाण, दोन काचा एकावर एक ठेवून तयार होणारा आकडा, वजनानं चालणारा तराजू, आवाजाच्या क्रमाची कोडी, हे सगळं थोडं डोळे उघडे ठेवून सुटतं.

रंगांच्या कोड्यांत एक खबरदारी. लाल-हिरवा भेद न दिसणं पुरुषांत जास्त आढळतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे ते एकच असतं. कित्येकांना स्वतःलाही माहीत नसतं. रंग दोघांनी वाचायचे, त्यातली एक बाई असली तर बरं.

बाहेरचं ज्ञान सहसा लागत नाही, जे हवं ते खोलीत असतं. तरी घरातल्या जुन्या माणसांना काय येतं ते विसरू नका. एका खजिन्याच्या थीममध्ये नकाशावर पोर्तुगीज शब्द होते आणि त्यांचा अर्थ सांगणारी वही दुसऱ्या कुलपात बंद होती. भाईकाका नकाशाजवळ गेले, "सेत् म्हणजे सात, नोव् म्हणजे नऊ" म्हणाले, आणि आम्ही ती वही न उघडताच पुढे गेलो. लहानपणी शिकलेली ती भाषा त्यांनी आमच्यासमोर क्वचितच वापरली होती. परत येताना गाडीत मुलांनी त्यांच्याकडून वीसपर्यंत आकडे म्हणून घेतले.

अडकलात तर

पाच मिनिटं काहीच नवं उघडलं नाही तर थांबा. सगळ्यांनी टेबलाभोवती या. प्रत्येकानं एकेका वाक्यात सांगायचं की मी काय पाहिलं आणि मला काय समजलं नाही. सगळ्यात गप्प माणसाला पहिलं बोलू द्या. मोठ्या आवाजाचा काका आधी बोलला की बाकीचे त्याच्याच मागे विचार करायला लागतात.

तरी सुटलं नाही तर कोडं बदलून घ्या. जो त्यावर अडकलाय त्यानं ते सोडायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, आणि पहिल्यानं त्याला आपला तर्क सांगायचाच नाही. ताजी नजर तर्कासकट दिली तर ती ताजी राहत नाही.

त्यानंतर हिंट मागा. आपल्याकडे हिंट मागणं म्हणजे हार मानणं असं वाटतं, विशेषतः पुरुषांना. पहिल्यांदा खेळणाऱ्या कुटुंबानं एका तासात दोन-तीन हिंट घेतल्या तर काही बिघडत नाही. हिंट मागताना "आम्हाला मदत करा" असं म्हणू नका. "घड्याळाजवळच्या कोड्यात आम्ही तास मोजलेत, मिनिटांचं काय करायचं कळत नाही," असं नेमकं म्हणा. मग हिंटही नेमकी मिळते. शेवटच्या दहा मिनिटांत मानीपणा सोडा आणि लागेल तशी हिंट घ्या.

एकानं फक्त घड्याळ पाहायचं. अर्धा तास, पंधरा मिनिटं, पाच मिनिटं, एवढंच मोठ्यानं सांगायचं. हे काम सासूबाई करतात, आणि त्यांच्या आवाजाला कोणी उलट बोलत नाही.

मुलं, आजी, आणि हातातलं कुलूप

मोठ्या माणसांसाठी सगळ्यात कठीण काम म्हणजे उत्तर कळूनही गप्प राहणं. मुलगा चाक फिरवतोय, हळू फिरवतोय, आणि आपण त्याच्या हातातून कुलूप घेतो. त्यानंतर तो तासभर काही शोधत नाही. आमचा नियम असा की क्लू ज्याला सापडला, कुलूप त्यानंच उघडायचं. सहा वर्षांच्या पोराला सापडला तर त्याचा हात धरा, पण चाक त्याच्याच बोटांनी फिरू द्या. एवढी वीस सेकंदं असतात तुमच्याकडे.

आजीला खुर्ची द्या, पण कोपऱ्यात नको, टेबलाजवळ. वस्तू तिच्यासमोर येऊ द्या. जुळवाजुळव, मोजणी, नक्षीतला फरक ओळखणं, यात ती तरबेज असते, आयुष्यभर तांदूळ निवडलेली आणि रांगोळ्या काढलेली नजर आहे ती.

एखादं मूल घाबरलं तर खेळ थांबवायला लाजू नका. बटण दाबा, त्याला बाहेर न्या, पाणी द्या. परत यायचं म्हणालं तर या.

बाहेर आल्यावर

सुटलात किंवा नाही सुटलात, गेम मास्टरला न सुटलेली कोडी दाखवायला सांगा. पुढच्या गटाची वेळ होत नसेल तर बहुतेक जण आनंदानं दाखवतात, त्यांनाही ते आवडतं. मुलं इथे खूप शिकतात. आणि आतलं काही बाहेर कोणाला सांगू नका, फोटो टाकताना मागची कुलपं आणि भिंती दिसत नाहीत ना ते पाहा.

तुरुंगाची थीम खेळलात, तर दुसऱ्या दिवशी मुलांना आग्वादला न्या. किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ साली पुरा केला, आणि खालच्या भागात पुढे तुरुंग होता. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांना तिथे ठेवलं होतं, १९४६ साली राममनोहर लोहियांनाही. आता तिथे संग्रहालय आहे. आमची भाची एका कोठडीच्या दारासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं दाराची कडी पाहिली, भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मामी, इथे बटण कुठे होतं?"